एकदाच बघायचं

"आली बघ," नवरा म्हणाला आणि त्याने पिशवी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली.

बस नव्हती, पाण्याचा टँकर होता. तो गेला तशी पिशवी पुन्हा उजव्या हातात आली. पिशवीत भाचीसाठी घेतलेली जाड चादर होती. भाची ज्या गावी कायमची राहायला चालली होती तिथे थंडी फार असते, असं त्याने कुठूनतरी ऐकलं होतं. एरवी हा माणूस घाई न करणारा. पंप-पंख्यांच्या जळालेल्या मोटारींची तार उकलून नवी तार भरून देण्याचा त्याचा धंदा. दिवसभर एका स्टुलावर बसून तांब्याचे वेढे घालत राहायचं, आणि एक वेढा चुकला तर न चिडता पहिल्यापासून सुरू करायचं. पण आज तो तिची पाळी सुटायच्या आधीच हॉस्पिटलजवळच्या थांब्यावर येऊन उभा होता. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा.

"कितीला निघणार ती माणसं?" तिने विचारलं.

"पाचला टॅक्सी बोलावलीय. गाडी सहाची आहे." मग हिशेब पुन्हा एकदा जुळवल्यासारखं तो म्हणाला, "ही बस मिळाली की चारच्या आत पोचतो आपण. तासभर बसता येईल तिच्याजवळ."

"आणि चुकली तर?"

"चुकेल कशी? डोळे लावून उभे आहोत ना दोघं."

ती हसली. वर्षाच्या शेवटच्या दिवशी नवऱ्याला एवढं बोलतं बघून तिला बरं वाटलं. हे वर्ष घरात फार कमी शब्द खर्च झाले होते.

मागचं वर्ष संपता संपता तिची नणंद गेली. नणंद म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर तिनेच त्याला लहानाचं मोठं केलं होतं. त्या दिवशी भाचीचा फोन आला, "मामा, आई विचारतेय तुम्हा दोघांना. लवकर या." दोघं हातातलं टाकून टॅक्सीत बसले. टॅक्सी पुलापर्यंत गेली असेल नसेल, आणि ही म्हणाली, "अहो, गॅस."

"बंद केलास तू. मी बघितलं."

"मला नाही आठवत."

टॅक्सी मागे वळवली. गॅस बंद होता. तो नेहमीच बंद असायचा. लग्नाला पंचवीसहून जास्त वर्षं झाली, तेवढ्या वर्षांत तिने गॅस उघडा ठेवल्याचं एकही उदाहरण नव्हतं. आणि बंद आहे की नाही हे बघायला परत न गेल्याची उदाहरणंही बोटावर मोजण्याइतकीच. गॅस, कुलूप, नळ, इस्त्रीचं बटण, प्रत्येक गोष्ट दोनदा. मन अस्वस्थ असलं तर तीनदा. खालच्या मजल्यावरची शेजारीण तर ती घराबाहेर पडली की आपलं दार उघडंच ठेवायची, म्हणायची, "परत वर जाताना दिसालच, तेव्हा बोलू."

ते पोचले तेव्हा नणंदेला जाऊन थोडाच वेळ झाला होता. भाचीने दार उघडलं आणि बाजूला झाली. सगळं आटोपल्यावर, माणसं पांगल्यावर, निरोप घेताना दारात मात्र तिने विचारलं, "मामी, गॅस नीट बंद होता ना?"

आवाज चढवला नाही, टोमण्याचा सूर लावला नाही. प्रकृतीची चौकशी करावी तसं विचारलं. ते तोंडात मारल्यापेक्षा जास्त लागलं.

नवरा एका शब्दाने बोलला नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. पहिल्या जानेवारीला सकाळी चहाचा कप त्याच्यापुढे ठेवून तिनेच विषय काढला. "या वर्षी मी ठरवलंय. एकदाच बघायचं. काहीही असो, एकदाच."

त्याने पेपर खाली केला. "जमलं तर बरंच आहे," म्हणाला आणि पेपर पुन्हा वर केला.

हॉस्पिटलातही त्या आठवड्यात जो तो संकल्प सोडत होता. लाँड्रीवाल्याने सिगारेट सोडली होती. ती तो दर सोमवारी सोडतो. ऑपरेशन थिएटरच्या थोरल्या सिस्टरनी रोज चालायला जायचं ठरवलं आणि तिसऱ्या दिवशी पाय मुरगळून घेतला. हिने आपला संकल्प कोणाला सांगितला नाही. पहिले दोन महिने मात्र जिवावर बेतल्यासारखे गेले. दाराला कुलूप घालून ती जिन्याच्या पहिल्या वळणावर थांबायची, कठडा घट्ट धरून. डोळ्यांसमोर घर जळताना दिसायचं. मग ती एक पायरी उतरायची. मग दुसरी. संध्याकाळी घर जागेवरच असायचं. ते रोज जागेवर असतं हे हळूहळू तिच्या अंगवळणी पडलं. "आताशा परत येत नाही तुम्ही," शेजारीण एकदा म्हणाली, "तब्येत बरी आहे ना?" आणि एकदा दुकानावर कोणाशीतरी बोलताना नवरा म्हणाल्याचं तिच्या कानावर आलं, "आमची सुधारली बरं का." त्या दिवशी तिने स्वयंपाकात दोनदा मीठ घातलं, आनंदाने.

आणि चार दिवसांपूर्वी भाचीचा फोन आला होता. वर्षभरात पहिल्यांदाच तिच्या फोनवर, मामाच्या नाही. "मामी, आम्ही हे गाव सोडतोय. जायच्या आधी भेटायचंय. येशील ना?" फोन ठेवताना ती म्हणाली होती, "वेळेवर ये."

आता बस चढावर दिसायला लागली. खरीच बस होती. नवऱ्याने पिशवी काखेत मारली आणि तो फुटपाथच्या कडेला जाऊन उभा राहिला. तिने सुटे पैसे काढायला पर्स उघडली. नाणं हातातून निसटून खाली पडलं. ती वाकली तसा डावा गुडघा नेहमीसारखा कडकन वाजला.

ती तशीच वाकलेली राहिली.

आज कामावर, निघायच्या आधी, गुडघा असाच वाजला होता.

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, लाँड्रीच्या मागे, एक लांबट खोली आहे. ऑपरेशनची हत्यारं तिथे धुतली जातात, पुसून कापडात बांधली जातात आणि मोठ्या पोलादी भांड्यात दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक होतात. ते यंत्र गेली कित्येक वर्षं तिच्या हाताखाली होतं, म्हणून सगळे तिला वाफमावशी म्हणत. बांधलेल्या प्रत्येक गाठोड्यावर एक चिकटपट्टी लावायची. तिच्यावरच्या तिरप्या रेघा आधी फिकट, जवळजवळ पांढऱ्या असतात. पुरेशी वाफ पुरेसा वेळ मिळाली की काळ्या होतात. गाठोडं यंत्रातून काढताना रेघा काळ्या झाल्यात का बघायचं, हा नियम. कपाटात ठेवताना ती पुन्हा एकदा बघायची. हा नियम नव्हता, तिची सवय होती.

एकदाच बघायचं हे तिने घरापुरतं ठरवलं होतं. पण हात काही घरचा वेगळा आणि कामावरचा वेगळा नसतो. मधल्या कुठल्यातरी महिन्यात कपाटापाशी पट्टी बघायची तिची सवय सुटली. केव्हा सुटली ते तिला सांगता आलं नसतं. सुटल्याचं लक्षातही आलं नव्हतं. ते या क्षणी, फुटपाथवर वाकलेली असताना आलं.

न झालेली गाठोडी एका ढकलगाडीवर आणि झालेली दुसरीवर, अशी तिथली पद्धत. काल झालेल्यांच्या गाडीचं चाक निखळलं. दुरुस्तीवाला म्हणाला, "आता नव्या वर्षातच येतो." म्हणून आज तिने एकाच गाडीवर काम भागवलं होतं. वरच्या कप्प्यात झालेली, खालच्या कप्प्यात व्हायची. सकाळच्या शेवटच्या फेरीला यंत्र भरलं आणि एक मोठा सेट, पोटाच्या ऑपरेशनचा, काही केल्या आत मावेना. तो खालच्या कप्प्यात राहिला. दुपारपाळीची पोरगी आली की तिला सांगू, ती पुढच्या फेरीत घालेल, असं तिने ठरवलं. मग यंत्र उघडलं, पट्ट्या बघितल्या, सगळ्या काळ्या होत्या, गाठोडी वरच्या कप्प्यात ठेवली. मग घड्याळ बघितलं. नवरा थांब्यावर येऊन उभा असणार. तिने गाडी कपाटापाशी नेली आणि भराभर गाठोडी आत लावली.

वरचा कप्पा तिच्या छातीएवढ्या उंचीवर होता. तिथून काही उचलायला वाकावं लागत नाही.

ती वाकली होती. गुडघा वाजला होता.

"अहो," ती म्हणाली.

तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "नको."

"ऐका तरी."

"गॅस मी बंद केलाय. कुलूप मी लावलंय. चावी माझ्या खिशात आहे, ही बघ."

"घरचं नाही. कामावरचं." तिने सांगितलं. नीट सांगता येईना, वाक्यं एकमेकांत अडकायला लागली. "वाफ न लागलेला सेट मी कपाटात ठेवलाय बहुतेक. कपाटातलं ते लोक थेट थिएटरला नेतात. कोणाच्या तरी पोटात जाईल."

"बहुतेक?"

"वाकल्याचं आठवतंय मला."

"कशावरून आजच वाकलीस? दिवसातून शंभरदा वाकतेस तू."

हजारदा केलेल्या गोष्टीच्या आठवणीवर तारीख नसते. ते वाकणं आजचं असेल, कालचं असेल, मागच्या महिन्यातलंही असेल. तिने फोन काढला, खोलीचा नंबर लावला. वाजत राहिला. दुपारपाळीची पोरगी कपडे मोजायला लाँड्रीत गेली असणार. थिएटरचा लावला, तोही वाजून वाजून थांबला. बस थांब्यावर येऊन उभी राहिली होती आणि माणसं चढायला लागली होती. तिने पुन्हा लावला.

"खात्री आहे का तुला?" त्याने विचारलं.

"नाही. म्हणून तर."

"गेल्या वर्षीही नव्हती," तो म्हणाला.

वर्षभर जे वाक्य घरात कुठेतरी दबा धरून बसलं होतं ते असं, भर रस्त्यात, बसच्या दारात बाहेर आलं. म्हणून झाल्यावर त्यालाच ते सोसलं नाही. तो पिशवीचा बंद नीट करत राहिला.

"काका, काकू, चढायचंय की फोटो काढायचाय गाडीचा?" कंडक्टर वरून म्हणाला. मागून कोणीतरी हसलं.

तिला चढता आलं असतं. एक पाय उचलायचा होता फक्त. भाची दार उघडेल, घड्याळ बघेल, आणि कदाचित हसेल. एक तास. त्यानंतर ती कुठल्या गावी, हे कुठे, कोण कोणाकडे येणार होतं? जिन्याच्या वळणावर वर्षभर जे केलं तेच आता करायचं, कठडा धरायचा आणि एक पायरी. घर जळत नाही. सेट वरच्याच कप्प्यातला होता.

पण तेव्हा जळलं असतं ते तिचं घर होतं.

"तुम्ही पुढे व्हा," ती म्हणाली. "मी मागच्या बसने येते."

"मागची तासाने आहे."

"माहितीये."

तो क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. मग चढला. पिशवी दारात अडकली, ती त्याने हिसडा देऊन आत ओढली. खिडकीपाशी बसला तेव्हाही त्याने मान वळवली नाही.

ती चालायला लागली, मग पळायला. पन्नाशीतली बाई रस्त्याने पळताना दिसली की लोक बाजूला होतात. मागे कोणी लागलंय का तेही बघून घेतात. केक घ्यायला बेकरीसमोर रांग होती, ती रस्त्यावर उतरून तिने ओलांडली. डोक्यात एकच भुंगा होता, कपाटात समोरच ठेवलाय, समोरच, पहिला तोच उचलतील.

खोलीत यंत्र गुरगुरत होतं. दुपारपाळीची पोरगी कपड्यांचा गठ्ठा सोडत होती.

"मावशी? काही विसरलात का?"

ती कपाटापाशी गेली होती. सगळ्यात पुढची जागा रिकामी होती. गाडीचा खालचा कप्पाही रिकामा होता.

"खालच्या कप्प्यातलं तू काही यंत्रात घातलंस?"

"मी आले तेव्हा गाडी रिकामीच होती. का?"

"पोटाचा सेट कुठे आहे?"

"तो नेला ना वर. मोटारसायकलवरची कोणी बाई आलीय, अपघात. पोटात रक्त साचलंय म्हणे. धावतपळत नेला." पोरीने तिचा चेहरा बघितला आणि हातातलं कापड खाली ठेवलं. "मावशी, काय झालं?"

लिफ्ट वरच्या मजल्यावर अडकली होती. ती जिन्याने गेली. थिएटरच्या बाहेरचा लाल दिवा लागलेला होता. समोरच्या बाकावर एक तरुण माणूस बसला होता, मांडीवर दोन हेल्मेटं. एक फुटलेलं होतं. तिच्या गळ्यातलं हॉस्पिटलचं ओळखपत्र बघून तो उभा राहिला, जणू तिच्याकडेच निरोप होता. तिने नजर चुकवली आणि दाराजवळची बेल दाबली.

कोणी आलं नाही. आत चपला घालून, घरचे कपडे घालून जायला बंदी. दाराला गोल काच होती. तिच्यातून एक रिकामी बोळकंडी आणि तिच्या टोकाला दुसरं दार, एवढंच दिसत होतं. तिने पुन्हा बेल दाबली. आपला श्वास काचेवर उमटतोय आणि विरतोय हे तिला दिसत होतं. आत आता काय चाललं असेल ते तिला पाठ होतं. गाठोडं सोडतील, हिरवं कापड चारी बाजूंनी उलगडतील, चिमटे एका ओळीत लावतील. ती बाई झोपलेली असेल. तिला कळणारही नाही. दोन-चार दिवसांनी ताप चढेल आणि मग सगळे कारण शोधत बसतील.

मागे तो माणूस अजून उभाच होता. "आत काही झालंय का?" त्याने विचारलं.

तिने बेलवर बोट ठेवलं आणि काढलंच नाही.

आतलं दार उघडलं. थोरल्या सिस्टर आल्या, मास्क हनुवटीखाली ओढत. बाहेरचं दार त्यांनी फटीएवढंच उघडलं. "कोण आहे? अहो मावशी, बेल आहे की भोंगा?"

"सिस्टर, पोटाचा सेट. खालून आत्ता आलेला." ती दम खात एकेक शब्द बोलत होती. "त्याला वाफ लागलेली नाही. चुकून कपाटात गेला, माझ्याच हातून. वापरलात का?"

सिस्टरनी तिच्याकडे, मग तिच्या खांद्यावरून मागच्या माणसाकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "तो होय. तो बाजूला काढून ठेवलाय. पट्टी पांढरी दिसली, उघडलाच नाही. दुसरा होता आमच्याकडे, तो घेतला."

"केव्हा?"

"केव्हा म्हणजे? सुरुवातीलाच. पट्टी बघितल्याशिवाय आम्ही काही सोडतो का? तुमच्याकडचं असं कधी येत नाही, म्हणून मी आधी चष्मा पुसला." त्या हसल्या नाहीत, पण त्यांचा आवाज सैल होता. "खाली पाठवणारच होते. एवढ्यासाठी परत आलात? फोन करायचा."

"केला. कोणी उचलला नाही."

"आता इथे हात रिकामे कोणाचे असतात." "मावशी, मला हे लिहावं लागेल. कोणाच्या पाळीला झालं ते."

"लिहा ना. माझीच पाळी होती."

दार बंद झालं. ती काचेपाशी तशीच उभी राहिली. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटतही होतं. पण त्याच्याखाली दुसरं काहीतरी होतं, ज्याला नाव देता येईना. तिची शंका खरी होती. आणि तिच्या येण्याने काडीचाही फरक पडला नव्हता. ती बसमध्ये चढली असती तर आता खिडकीजवळ बसलेली असती, आणि ही बाई याच टेबलावर, अशीच, त्याच दुसऱ्या सेटने सुरक्षित असती.

"ताई," तो माणूस म्हणाला, "माझी बायको आहे आत."

"नीट चाललंय," ती म्हणाली. मग एवढं पुरेसं नाही असं वाटून म्हणाली, "आत चांगली माणसं आहेत. बसा तुम्ही." तो बसेपर्यंत ती थांबली.

थांब्यावर पोचली तेव्हा पुढची बस सुटायच्या बेतात होती, ती मिळाली. पण वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी सगळं गाव रस्त्यावर उतरलं होतं. बस दोन हात पुढे जायची आणि थांबायची. तिने नवऱ्याला फोन लावला. तो पिशवीच्या तळाशी वाजत असणार, नेहमीसारखा. भाचीचा नंबर तिने स्क्रीनवर काढला, बघितला आणि ठेवून दिला. फोनवर काय सांगायचं? मामी परत गेली होती, बघायला. शेजारच्या सीटवरची मुलगी मैत्रिणीला सांगत होती, नव्या वर्षात पहाटे उठणार, गोड बंद, आणि त्याच्याशी तर बोलणारच नाही. पाच वाजले तेव्हा बस मधल्या चौकातच होती. त्यानंतर तिने घड्याळ बघणं सोडून दिलं. सिग्नल लाल व्हायचा, हिरवा व्हायचा, आणि बस तिथेच.

भाचीचं घर तळमजल्यावर होतं, समोर चार पायऱ्या. नवरा वरच्या पायरीवर बसला होता. त्याच्यामागे दाराला कुलूप. पिशवी रिकामी होऊन त्याच्या गुडघ्यावर घडी घातलेली होती आणि शेजारी एक डबा होता.

"गेली?" तिने विचारलं.

"गेली. थोडाच वेळ झाला." तो म्हणाला. "थांबली होती. टॅक्सीवाला हॉर्न वाजवायला लागला, जावई सामान पुढे-मागे करत राहिला. शेवटी मीच म्हटलं, निघा."

ती उभीच राहिली. खिडकीला पडदे नव्हते. आत भिंतीवर कपाटाच्या मापाचा एक उजळ चौकोन दिसत होता. बाकी खोली ओकीबोकी.

"काय सांगितलंत तिला?"

"होतं ते. कामावर परत गेली म्हटलं, हत्यारांचं काहीतरी आहे."

"मग?"

"हसली जरा."

"कशी हसली?"

"हसली म्हणजे हसली. त्यातले प्रकार मला कुठे कळतात." त्याने आपल्या घराच्या कुलपाची चावी खिशातून काढली, बघितली, पुन्हा ठेवली. "झालं का तुझं?"

"सेटला वाफ लागलेलीच नव्हती. चूक माझीच होती." ती म्हणाली. "पण सिस्टरनी आधीच तो बाजूला काढला होता."

जळालेली मोटार हातात घेऊन तार नेमकी कुठे तुटली ते शोधावं तसा तो विचार करत राहिला. "म्हणजे तू गेली नसतीस तरी चाललं असतं."

"हो."

"आणि थांब्यावर तुला ते कळायला काही मार्ग नव्हता."

"नाही."

"हं," तो म्हणाला. समोरच्या रस्त्यावरून पोरांचा एक घोळका शिट्ट्या वाजवत गेला. मग पायरीकडे बघत नवरा म्हणाला, "तुझ्यासाठी निरोप ठेवलाय तिने. ताई गेली त्या दिवशी ती सकाळपासूनच शुद्धीवर नव्हती म्हणे. डोळे उघडलेच नाहीत. आपण आधी पोचलो असतो तरी तिला काही कळलं नसतं. मामीला एवढं नक्की सांग म्हणाली."

तिला आधी काही समजलंच नाही. मग समजलं, आणि ती पायरीवर बसली.

"पण फोनवर तर म्हणाली होती, आई विचारतेय."

"हो," तो म्हणाला. "माझ्याही ते लक्षात आहे."

"मग खरं काय?"

"मी नाही विचारलं."

फोन तिच्या हातातच होता, स्क्रीनवर भाचीचा नंबर बसमध्ये काढला होता तसाच. टॅक्सी अजून गावातच असेल, कुठल्यातरी चौकात अडकलेली. भाची लगेच उचलेल. एक प्रश्न होता फक्त. तिने अंगठा नंबरवर आणला. नवरा तिच्याकडे बघत होता. या खेपेला तो नको म्हणाला नाही.

तिने फोन बंद केला आणि पर्समध्ये टाकला.

"डब्यात काय आहे?" तिने विचारलं.

"जेवण. तुझा वाटा. इथेच बसून खायला घाल म्हणाली, घरी नेऊन शिळं करू नकोस."

"तुम्ही जेवलात?"

"भूक नव्हती तेव्हा."

त्याने डबा उघडला. चमचा एकच होता. झाकण उलटं करून त्याने त्यावर तिच्यासाठी वाढलं, जास्त भाग तिच्याकडे सरकवला, आणि पायरीवर थोडा बाजूला होऊन तिला भिंतीला टेकायला जागा करून दिली.